वरून कोळसा, आतून कच्चं: ग्रिल केलेल्या भाज्या आणि फळं दरवेळी का फसतात

तक्रार साधारण अशी असते. गाजराच्या फोडी वरून काळ्याकुट्ट झाल्या, पण खाताना दाताखाली कटकन मोडल्या. त्याच जाळीवरची झुकिनी मात्र ओल्या फडक्यासारखी लोळागोळा. वांग्याच्या चकत्या चामड्यासारख्या चिवट, अननस अर्धा जाळीलाच चिकटलेला, आणि कांद्याची वलयं एकेक करून निखाऱ्यांत गेली. पुढच्या वेळी आच कमी ठेवली तर करपलं काहीच नाही, पण खमंगपणाही आला नाही. सगळं उकडल्यासारखं. म्हणून त्याच्या पुढच्या वेळी आच वाढवली आणि ये रे माझ्या मागल्या.

मी स्वतः बराच काळ या झोक्यावर बसले होते. आच जास्त झाली, आच कमी झाली, असं दरवेळी आचेच्याच नावाने खडे फोडायचे. आचेचा दोष असतोच, पण आच बदलून प्रश्न सुटत नाही, कारण गोंधळ घालतं ते पाणी. भाजीच्या आतलं, भाजीच्या वरचं आणि भाजीतून सुटून पुन्हा तिच्यावरच वाफ होऊन बसणारं पाणी. त्याचा हिशोब लागला की आच किती ठेवायची हे बऱ्याच अंशी आपोआप कळतं.

पाण्याचा हिशोब

झुकिनी, टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगं, मशरूम यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. गाजरात आणि कांद्यात 88-89 टक्के, अननसात 86च्या आसपास, मक्याच्या दाण्यांत आणि रताळ्यात 76-77. म्हणजे आपण जाळीवर ठेवतो ते मुख्यतः पाणीच, वेगवेगळ्या आकाराच्या पिशव्यांत भरलेलं.

आता खमंगपणा कुठून येतो ते बघा. पदार्थाचा पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की त्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि तो तपकिरी रंग, तो भाजल्याचा वास तयार होतो. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. पण पृष्ठभाग ओला असेल तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या वर फारसं जातच नाही. तुम्ही खाली कितीही धग लावा, ती आधी पाणी उडवण्यात खर्च होते. आणि हा खर्च मोठा आहे: शून्य अंशाचं पाणी शंभरापर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. भाजी धुऊन तशीच ठिबकती जाळीवर टाकली की पहिली काही मिनिटं आपण भाजी भाजत नसतो, पाणी उकळत असतो.

आतलं काम निराळं. भाजी मऊ होते ती तिच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल पडल्यावर, आणि ते साधारण 85 अंशांच्या पुढे नीट सुटायला लागतं. तिथपर्यंत उष्णता बाहेरून आत झिरपत जावी लागते. या झिरपण्याचा एक नियम स्वयंपाकघरात कुणी सांगत नाही: जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो. एक सेंटिमीटरचा काप आणि दोन सेंटिमीटरचा काप दिसायला फार वेगळे नाहीत, पण जाळीवर ते दोन वेगळ्या जातीचे प्राणी आहेत. एका ताटात वाटेल तशा चिरलेल्या फोडी घेऊन बसलात तर कुठलीही आच त्या सगळ्यांना पुरी पडणार नाही.

म्हणजे बाहेरचं सुकून तपकिरी होणं आणि आतलं मऊ होणं ही दोन कामं आपापल्या वेगाने चालू असतात. बाहेरचं आधी उरकलं की "वरून कोळसा, आतून कच्चं". आतलं आधी उरकलं आणि बाहेरचं झालंच नाही की "उकडलेलं". तुमची तक्रार यातली कुठली, ते आधी ठरवा, कारण दोन्हींचे उपाय उलटसुलट आहेत.

वरून काळं, आतून कच्चं

हे गाजर, बटाटा, रताळं, बीट, फ्लॉवर, भोपळा अशा कठीण मंडळींचं दुखणं. पहिला संशय जाडीवर घ्या. कच्चं गाजर जाळीवर टाकायचं असेल तर लांबट, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे काप करा. त्याहून जाड हवं असेल तर आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून घ्या. सुरी टोचल्यावर बाहेरचा थर सहज जावा आणि मध्याशी थोडी अडावी, एवढंच. फोडीच्या आकाराप्रमाणे पाच ते आठ मिनिटं लागतात. मग निथळा, ताटात पसरा आणि वाफ पूर्ण निघून जाऊ द्या. गरम फोडींवरचं पाणी स्वतःच्या उष्णतेनेच उडून जातं, त्यामुळे हे पाच मिनिटांचं पसरणं फार मोलाचं. अनेक जण नेमकं इथेच घाई करतात आणि ओल्या फोडी तेलात घोळवतात.

अर्धवट उकडणं म्हणजे फसवणूक आहे, "खरं ग्रिलिंग" नाही, असं मानणारे लोक मला भेटलेत. त्यांची गाजरं मी खाल्लीत. मी उकडूनच घेते.

बटाट्याबद्दल एक सूचना इथेच. पिठूळ पदार्थ 120 अंशांहून जास्त तापमानाला कोरडे भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे नकोसं रसायन तयार होतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये अन्नातलं त्याचं प्रमाण पहिल्यांदा पुढे आणलं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. म्हणून बटाटा आणि रताळं सोनेरी झालं की उतरवा, काळं होईपर्यंत वाट बघू नका. आधी उकडून घेतलेलं असेल तर जाळीवर काळं करण्याची गरजही उरत नाही.

दुसरा संशय लिंबावर. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा गुन्हा जवळजवळ प्रत्येक घरी होतो आणि कुणालाच पत्ता नसतो. भाज्या "मुरवण्यासाठी" आपण तेल, मीठ, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर एकत्र करून तासभर घोळवून ठेवतो. आम्लाने मांस मऊ होतं असं ऐकलेलं असतं, म्हणून भाजीही होईल असं वाटतं. होतं उलटं. आम्लात पेक्टिन घट्ट राहतं, सुटायला कुरकुरतं. टोमॅटोच्या आंबट रसात टाकलेले बटाटे शिजायला वेळ लावतात ते याच कारणाने. लिंबात मुरवलेलं गाजर म्हणजे शिजू नये अशी पूर्ण व्यवस्था केलेलं गाजर. आणि मुरायचं म्हणाल, तर भाजीत रस फार आत जातही नाही, तो वरच राहतो आणि वरचा भाग ओला ठेवतो. म्हणजे दुहेरी तोटा.

म्हणून जाळीवर जाण्यापूर्वी भाजीला फक्त तेल. आंबट, गोड, हिरवं, वाटलेलं, जे काही लावायचं ते उतरल्यावर, भाजी गरम असताना. गरम भाजी चव चटकन ओढून घेते. तासभर मुरवून जे साधत नाही ते दोन मिनिटांत साधतं. मीठ कधी घालायचं ते पुढे सांगते.

तिसरी गोष्ट म्हणजे जाळीचे दोन भाग. कोळसे सगळीकडे सारखे पसरू नका. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. गॅसच्या ग्रिलवर एक बर्नर मोठा, शेजारचा बंद किंवा अगदी बारीक. गरम बाजूला रंग आणायचा आणि थंड बाजूला, झाकण लावून, आतून शिजू द्यायचं. कठीण भाजीला मी आधी थंड बाजूला झाकणाखाली ठेवते आणि शेवटी दोन मिनिटं गरम बाजूला आणते. उलटं केलं तरी चालतं, पण या क्रमाने पृष्ठभाग आधी सुकलेला असतो, त्यामुळे रंग झटकन आणि सारखा येतो.

आच मोजायला हातच पुरतो. जाळीच्या वर साधारण 12 सेंटिमीटरवर तळवा धरा. दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर कडक आच, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम, आठ-दहा धरवला तर मंद. बहुतेक भाज्यांना मध्यम ते मध्यमहून थोडी वर एवढी पुरते. कोळसा असेल तर ज्वाळा पूर्ण खाली बसून निखाऱ्यांवर राखाडी थर येईपर्यंत थांबा. याला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि ती मिनिटं जीव खातात, मान्य आहे. पण ज्वाळेवर धरलेली भाजी भाजत नाही, तिच्यावर काजळी बसते.

काळं नाही झालं, पण उकडल्यासारखं लागतंय

हे पाणीदार भाज्यांचं: झुकिनी, मशरूम, टोमॅटो, कांदा. आणि हे ग्रिल पॅनवर सर्वांत जास्त घडतं.

भाजी धुतल्यावर पुसा. नुसतं चाळणीत निथळवून भागत नाही, कोरड्या फडक्यात गुंडाळून दाबून पुसा. शक्य असेल तर आदल्या तासातच चिरून, पसरून, उघडी ठेवा.

मीठ. मीठ लावलं की भाजीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पंधरा-वीस मिनिटांत पृष्ठभागावर थेंब दिसायला लागतात. म्हणजे सर्वांत वाईट वेळ कुठली? मीठ लावून वीस मिनिटं ठेवून तसंच जाळीवर टाकणं. एकतर अर्धा तास आधी मीठ लावा, सुटलेलं पाणी पुसून टाका, किंवा जाळीवर जाताजाता लावा. मधलं काही नको. झुकिनीला मी पहिला मार्ग वापरते, ढोबळी मिरचीला दुसरा. मशरूमला मीठ उतरल्यावरच.

गर्दी. दोन फोडींमध्ये बोटभर जागा हवी. ती नसेल तर एकीची वाफ दुसरीला लागते. पाहुणे आलेले असतात, सगळं एकदम वाढायचं असतं, म्हणून आपण जाळी गच्च भरतो. तसं करून वेळ वाचत नाही: कोंबलेली जाळी पाणी आटवण्यातच एवढा वेळ घेते की दोन फेऱ्या करणारा तुमच्या आधी मोकळा होतो.

ग्रिल पॅनबद्दल माझं मत फार चांगलं नाही. त्याच्या उंच पट्ट्या भाजीला फक्त रेषांपुरत्या टेकतात आणि मधल्या खोबणीत सुटलेलं पाणी उकळत राहतं. म्हणजे फोटोत काळ्या रेषा सुरेख दिसतात, पण रेषांच्या मधला फिका भाग शुद्ध उकडलेला असतो. चव रंगात आहे, रेषांत नाही. आख्खा पृष्ठभाग तपकिरी झालेली भाजी चार काळ्या रेघांच्या भाजीला कधीही मागे टाकते. घरात सपाट बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. ग्रिल पॅनच वापरायचा असेल तर तो मध्यम आचेवर पाच ते आठ मिनिटं नीट तापवा, एका वेळी थोडंच टाका, झाकण ठेवू नका आणि फोडी उलथण्याने हलके दाबा. मात्र नॉनस्टिक पॅन असा रिकामा तापवायचा नाही. त्याचा लेप 260 अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि त्याचा धूर घातक असतो. कडक आचेच्या कामाला ते भांडंच नव्हे.

ओव्हनच्या ग्रिलमध्ये धग वरून येते, म्हणून ट्रे वरच्या दांड्यापासून आठ-दहा सेंटिमीटरवर ठेवा आणि ट्रेही आधी तापवून घ्या, म्हणजे खालची बाजू गिच्च होत नाही. ट्रेला कड कमी उंच असलेली बरी, वाफेला वाट मिळते.

चिकटतंय

भाजी गरम जाळीला टेकली की तिच्यातली साखर आणि थोडीफार प्रथिनं धातूला धरून बसतात. तो थर सुकून कडक झाला की बहुतेक वेळा तीच भाजी आपणहून सुटते. म्हणून चिमट्याने हलकेच उचलून बघा. ती धरून बसली असेल तर तिला अजून मिनिटभर हवंय. खरवडून ओढलीत तर खमंग भाग जाळीवर राहतो आणि फिका भाग ताटात येतो. सतत उलटंपालटं करण्याची खोड इथे सर्वांत जास्त नडते.

बाकीची कारणं साधी. जाळी थंड असणं, जाळीवर मागच्या वेळची जळकी पुटं असणं. जाळी तापवून तारेच्या ब्रशने घासा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण ब्रशची तुटलेली तार अन्नात गेली तर प्रकरण गंभीर होतं. तेल जाळीला नाही, भाजीला लावा. जाळीवरचं तेल भाजी येईपर्यंत जळून चिकट होतं आणि निखाऱ्यांवर ठिबकून भडका उडवतं. भाजीलाही तेल पातळ, चकाकेल एवढंच. निथळत असेल तर जास्त झालं.

गळून पडण्याचा उपाय चिरण्यात आहे. कांदा उभा चिरा, मुळाकडचा देठ न काढता, म्हणजे पाकळ्या एकत्र राहतात. चकत्याच हव्या असतील तर आडवी काडी खुपसा. फ्लॉवर आणि कोबीचे काप मधल्या दांड्यासकट करा. फरसबीसारख्या बारीक शेंगा जाळीच्या दांड्यांना आडव्या ठेवा. लाकडी काड्या अर्धा तास भिजवतात, पण पाणी लाकडात फार आत शिरत नाही. उघडी टोकं फॉइलमध्ये गुंडाळली किंवा आचेबाहेर ठेवली की काम होतं. एका काडीवर एकच भाजी लावा. टोमॅटो, कांदा, मशरूम, ढोबळी मिरची अशी रंगीत माळ दिसते छान, पण चौघांचं चार वेळी होतं.

जी भाजी नियम मोडते

वांगं म्हणजे स्पंज. त्याच्या गरात हवेचे असंख्य कप्पे असतात, तेल दिसलं की ते पिऊन टाकतं आणि तरी वरून कोरडंच दिसतं. मग आपण आणखी तेल लावतो. मीठ लावून अर्धा तास ठेवलं की हे कप्पे बऱ्यापैकी बसतात आणि तेल कमी लागतं. पुसून, अगदी शेवटच्या क्षणी तेलाचा हात फिरवा. चकत्या दीड-दोन सेंटिमीटरच्या ठेवा आणि आच मध्यम. चामड्यासारखं वांगं हे बहुधा कच्चं वांगं असतं, जास्त झालेलं नव्हे. बोटाने दाबल्यावर परत वर आलं तर अजून ठेवा. पूर्ण झालेलं वांगं दाबलं की दबूनच राहतं, आतून लोण्यासारखं होतं. अर्धवट झालेलं वांगं ही खरोखर वाईट चीज आहे आणि ते उतरवण्याची घाई मी अजूनही अधूनमधून करते.

मशरूमचं उलट. त्याच्या पेशीभित्ती पेक्टिनच्या नाहीत, कायटिनच्या आहेत, आणि कायटिन उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे मशरूम जास्त शिजून लगदा होत नाही. कितीही वेळ ठेवा, पाणी सुटेल, आटेल, मग रंग येईल. लोक पाणी सुटलेलं बघून घाबरतात आणि नेमकं तेव्हाच उतरवतात. सबंध मशरूम देठाची बाजू खाली करून सुरुवात करा, नंतर उलटा. वाटीत साचलेलं पाणी आटू द्या. पाणी आटल्यावर तेल लावलंत तरी चालेल.

ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांना साल आहे, म्हणून तिथे काळं होणं हा दोष नाही. मिरची सबंध ठेवा, सगळ्या बाजूंनी साल काळी फोडफोड होऊ द्या, मग झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा. आतल्या वाफेने साल सुटते. नळाखाली धरून सोलू नका, चव वाहून जाते. टोमॅटो अर्धे करून साल खाली ठेवा आणि हलवू नका.

मका सालींसकट ठेवलात तर पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि दाणे वाफेवर शिजतात. रंग हवा असेल तर शेवटी साली मागे ओढून दोन-तीन मिनिटं उघडा फिरवा.

फळं

फळांच्या बाबतीत पाण्याच्या जोडीला साखर येते आणि साखरेचा हिशोब वेगळा. फळातली फ्रुक्टोज साधारण 110 अंशांनाच करपायच्या वाटेला लागते, साधी साखर त्यामानाने बरीच वर, 160च्या आसपास. म्हणून फळाला रंग झटकन येतो आणि रंगाकडून कोळशाकडे जायला अर्धा मिनिट पुरतो. मधात फ्रुक्टोज भरपूर, त्यामुळे आधी मध चोपडून जाळीवर ठेवलेलं फळ काळं होणारच. मध किंवा साखर लावायचीच असेल तर शेवटच्या एका मिनिटात, नाहीतर ताटातच.

फळ फसण्याचं मुख्य कारण मात्र पिकण्यात आहे. पूर्ण पिकलेलं, मऊ, रसाळ फळ खायला उत्तम आणि ग्रिलला नालायक. त्याच्यातलं पेक्टिन आधीच सैल झालेलं असतं, वरून धग लागली की ते जाळीतून खाली उतरतं. दाबल्यावर किंचित दबणारं, पण घट्ट असं फळ घ्या. पीच, नासपती, आंबा अर्धे किंवा जाड गालांसारखे कापा, साल ठेवा. कापलेली बाजू पुसा, पातळ तेल लावा, ती बाजू खाली, मध्यमहून थोड्या कडक आचेवर तीन-चार मिनिटं. सालीची बाजू भाजायची गरज नाही, ती फक्त आधाराला आहे. केळं सालीसकट उभं चिरायचं, तसंच.

अननसाच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या चकत्या दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं. कच्च्या अननसाने ज्यांची जीभ चुरचुरते त्यांना भाजलेला सोसतो, कारण चुरचुर वाढवणारं ब्रोमेलेन हे एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. मात्र चकती आतपर्यंत गरम व्हायला हवी, नुसत्या रेषा उमटून उपयोग नाही.

कलिंगडाने मला सर्वांत जास्त छळलं. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, पेक्टिन कमी, आणि आच मंद असेल तर ते नुसतं रडत बसतं. त्याला फक्त कडक आच, अडीच सेंटिमीटरच्या जाड फोडी, आणि एकेका बाजूला एक-दीड मिनिट. आतून ते थंडच राहायला हवं. शिजलेलं कलिंगड काकडीच्या उकडीसारखं लागतं, ते कुणालाही वाढू नये.

फळं नेहमी आधी भाजा, किंवा जाळी घासून मग. कांद्याच्या वासाचं पीच एकदा खाल्लं की हे लक्षात राहतं. आणि फळांसोबत अर्धी कापलेली लिंबंही कापलेली बाजू खाली करून तीन मिनिटं ठेवा. मघाशी ज्या लिंबाला मी बाहेर हाकललं, ते इथून परत येतं: भाजी उतरली की हे गरम, किंचित तपकिरी लिंबू तिच्यावर पिळा.

कडू लागतंय, वास येतोय

कडवटपणा बहुतेकदा लसणाचा. बारीक चिरलेला लसूण, कोथिंबीर, कोरडे मसाले निखाऱ्यांवर भाजीच्या कितीतरी आधी जळतात. तेलात लसूण हवाच असेल तर ठेचून तेलात तासभर ठेवा, गाळून फक्त तेल वापरा, आणि ते तेल त्याच दिवशी संपवा. कच्चा लसूण घातलेलं तेल बाहेर साठवून ठेवणं धोक्याचं असतं.

तेल स्वतःही जळतं. लोणी 150 अंशांच्या आसपासच धुरायला लागतं, रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल 220 अंशांच्या पुढे टिकतं. कडक आचेला ही तेलं, लोणी शेवटी वरून.

रॉकेलचा किंवा पेटवायच्या द्रवाचा वास येत असेल तर तो द्रव सोडून द्या. खाली कागद आणि वर कोळसे भरायचा, दोन्हीकडून उघडा पत्र्याचा नळकांड्यासारखा डबा मिळतो, त्यात कोळसे वीसेक मिनिटांत पेटतात. आणि पाऊस असो वा थंडी, पेटता कोळसा घरात, बंद गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये आणायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि खिडकी किलकिली ठेवून तो जात नाही.

निखारे उरले की

जेवण उरकतं तेव्हा ढिगाऱ्यात बरीच धग शिल्लक असते. त्यात सालीसकट सबंध कांदे, बीट किंवा रताळी थेट राखेत पुरून ठेवा, वर थोडे निखारे ओढा आणि आकाराप्रमाणे पाऊण तास ते तासभर विसरून जा. मधे एकदा चिमट्याने फिरवा. बाहेर येतील तेव्हा वरचा थर पूर्ण कोळसा झालेला असेल. तो सोलून टाका, आतला कांदा चमच्याने उचलण्याइतका मऊ असतो.